बंद पडलेल्या चर्चमधलं दगडी बाप्तिस्मा-कुंड हलवायचं असेल तर

गेल्या हिवाळ्यात आणंदच्या बाजूच्या एका गावातून आम्ही एक दगडी कुंड वडोदऱ्याला आणलं. गावातली मंडळी, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, तीन घरांवर आली होती, छपराची कौलं खाली आली होती आणि कुंडात पारव्यांनी घरटं केलं होतं. इथल्या एका मराठी मंडळीच्या पाळकसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही मूर्तींची डागडुजी करता, हे कराल का?" हो म्हणताना दोन दिवसांचं काम असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात चार महिने लागले, आणि उचलण्यात त्यातला जेमतेम एक दिवस गेला. पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी या वस्तूविषयी थोडं. बाळाच्या किंवा मोठ्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी ओततात ते हे पात्र. जुन्या धाटणीत त्याचे तीन भाग असतात: खाली चौथरा, मधे खांब, वर पात्र. बरीच कुंडं अष्टकोनी दिसतात. आठवडा सात दिवसांचा, आणि पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे त्यापलीकडचा आठवा दिवस, असा त्यामागचा अर्थ. नोहाच्या तारवात आठ माणसं वाचली, हा दाखलाही देतात. पात्राच्या तळाला भोक असतं आणि ते खांबातून थेट जमिनीत उतरतं, कारण हे पाणी गटारात सोडायचं नाही. हे भोक लक्षात ठेवा, पुढे त्यावरून बरंच काही ठरणार आहे.

इंग्लंडमधल्या जुन्या कुंडांच्या काठावर कधीकधी लोखंडी कडी तुटल्याच्या खुणा दिसतात. कँटरबरीच्या आर्चबिशपने १२३६ मध्ये हुकूम काढला होता की कुंडांना झाकण आणि कुलूप असावं, कारण लोक ते पाणी जादूटोण्यासाठी चोरून नेत. आपल्याकडच्या मिशनकाळातल्या कुंडांना अशी कडी सहसा नसते, पण झाकण बसायची खाच असते. तुमच्या कुंडाला ती असेल तर झाकण कुठे गेलं याची गावात चौकशी करा. आमचं झाकण एका घरी पाणी तापवायच्या चुलीशेजारी पाट म्हणून वापरात होतं.

मालक कोण

हात लावण्यापूर्वी हे मिटवा. कुंड गावातल्या तीन घरांचं नाही आणि पाळकांचंही नाही. ते चर्चच्या मालमत्तेत येतं, आणि मालमत्ता कुणाच्या नावावर आहे हे कागदच सांगतील. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र आल्या, त्यामुळे काही ठिकाणी सातबाऱ्यावर अजून जुन्या मिशनचंच नाव सापडतं. कॅथोलिक चर्च असेल तर बिशपांची लेखी परवानगी लागते. पवित्र वस्तू खासगी हातात गेली तरी तिचा आदर राखला पाहिजे, अयोग्य वापर करता कामा नये, असं त्यांचा चर्चचा कायदा सांगतो. ट्रस्टची मालमत्ता असेल आणि कुंड फरशीत पक्कं बसवलेलं असेल तर ते स्थावर की जंगम हा प्रश्न निघू शकतो. स्थावर मालमत्ता विकायला किंवा दान द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा वकिलाला एकदा विचारा. देणाऱ्या कमिटीचा ठराव, घेणाऱ्या कमिटीचा ठराव आणि वरच्या कार्यालयाचं पत्र असे तीन कागद हातात आल्याशिवाय टेम्पो सांगू नका.

दुसरा कायदा बहुतेकांना ठाऊकच नसतो. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनं कोरीवकाम तर येतंच, पण इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही त्याच्या व्याख्येत आहे. अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं वडोदरा मंडळ शहरातच आहे. नोंदणी लागते का, हे तिथे फोटो दाखवून विचारावं. जुन्या वस्तूंचा व्यापारी गावात येऊन "वीस हजार देतो, उद्या उचलतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. फार्महाऊसच्या बागेत कमळं लावलेलं एक कुंड मी पाहिलं आहे. त्यावर इथे लिहीत नाही, चिडचिड होते.

आणि हो, हलवायलाच हवं का? छप्पर शाकारून, दार लावून कुंड जागेवर राहत असेल तर तेच उत्तम. आम्ही तीनदा बैठक घेतली. तिन्ही घरांनी "न्या, पण वापरात ठेवा" असं सांगितल्यावरच पुढे सरकलो.

नोंद

पूर्ण एक दिवस फक्त नोंदीला द्या. चारही बाजूंनी आणि वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग संध्याकाळी दारं लावून अंधार करा आणि विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. आडव्या उजेडात दिवसा न दिसणारं दिसतं. आमच्या कुंडाच्या काठावर हिरव्या ऑइलपेंटचे तीन-चार थर होते आणि त्याखाली काही असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. विजेरी फिरवली तशा एका बाजूला बारीक उंचवट्यांच्या सावल्या पडल्या. पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी घासली तेव्हा उमटलं: मार्क १०:१४. येशू लहान मुलांना आपल्याजवळ येऊ द्यायला सांगतो तो भाग. चाव्या सांभाळणाऱ्या काकी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या चारही पोरांचे बाप्तिस्मे इथंच झाले, पण हे लिहिलेलं आज बघते."

कुंडाचं तोंड मूळ कोणत्या दिशेला होतं ते लिहून ठेवा. प्रत्येक भागावर पूर्वेची बाजू खडूने दाखवा. पेंट नको, मार्कर तर नकोच. बाप्तिस्मा रजिस्टरचं काय होणार हेही त्याच दिवशी ठरवा. कुंड एकीकडे आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांची नावं दुसरीकडे वाळवीच्या तोंडी, असं होऊ देऊ नका.

दगड कोणता

गुजरातेत बहुधा तीन शक्यता: ध्रांगध्र्याचा वालुकाश्म, पोरबंदरचा चुनखडक, नाहीतर संगमरवर. खालच्या न दिसणाऱ्या जागी पातळ केलेल्या व्हिनेगरचा एकच थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुनखडक किंवा संगमरवर. लगेच साध्या पाण्याने पुसा. वालुकाश्म गप्प राहतो, पण त्याचे कण चुन्याने बांधलेले असतील तर तोही थोडा बुडबुडतो, म्हणून भिंगातून वाळूचे कण दिसतात का तेही पाहा. ही परीक्षा करायची ती इतकंच समजायला की या दगडावर आम्ल कधीच वापरायचं नाही. संडास धुवायच्या आम्लाने "साफ" केलेल्या कुंडावरची अक्षरं परत येत नाहीत.

मग वजन काढा. आमचं पात्र अष्टकोनी, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ६० सेंटिमीटर, उंची ४०. आतला खळगा वजा केला तर सुमारे ०.०९८ घनमीटर दगड उरतो. वालुकाश्म घनमीटरला सुमारे २३०० किलो धरला तर एकटं पात्र सव्वादोनशे किलो. खांब १०० च्या आसपास, चौथरा १७०. सगळं मिळून अर्धा टन. "चार माणसं उचलतील" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

सांधे सोडवणं

खरं कसब इथे आहे, आणि नुकसानही बहुतेक इथेच होतं. एका वेगळ्या कामात, एका ठेकेदाराच्या माणसांनी माझी वाट न पाहता काठाखाली पहार घातली. तळहाताएवढा टवका उडाला, तोही कोरीव बाजूचा. तेव्हापासून माझ्या कामावर पहार दाराबाहेर राहते.

पद्धत अशी. पात्र आणि खांब यांमधली दर्ज, म्हणजे सांध्यातली भरलेली रेघ, शोधा. जुनी दर्ज चुन्याची असेल तर हॅक्सॉचं पातं एका टोकाला चिंधी गुंडाळून हाताने फिरवा. चुना भुसभुशीत असतो, एका दुपारीत सुटतो. नंतर कुणीतरी सिमेंट भरलेलं असेल तर ड्रिलला बारीक ५ मिलिमीटरचं बिट लावून, त्याची हॅमरची (ठोक्याची) सोय बंद ठेवून, दर्जेतच ओळीने भोकं पाडा आणि मधलं पात्याने कापा. त्याला आम्हाला दोन दिवस लागले. ग्राइंडरचा मोह होईल. तो दर्जेत राहत नाही, दगडात शिरतो.

धूळ उडू नये म्हणून पाण्याचा फवारा मारत राहा आणि एन-९५ मास्क लावा. वालुकाश्माच्या धुळीत सिलिका असते. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांचं सिलिकोसिसने काय झालं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. पाणी जायची नळी शिशाची निघाली तर तापवू नका, कातरीने कापा, आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.

पातं मधेच अडलं आणि धातूचा कर्कश आवाज आला तर आत दोन दगड जोडणारी लोखंडी खुंटी आहे. ती वाकवून किंवा ठोकून काढू नका, पात्यानेच कापा. हीच खुंटी दगडाची मुख्य वैरी. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा मागतो आणि दगड आतून तडकतो. खांबाच्या माथ्यावर उभ्या बारीक चिरा दिसत असतील तर आत काय चाललंय ते समजावं.

दर्ज मोकळी झाली की चारही बाजूंनी लाकडी पाचरी थोड्याथोड्या, आळीपाळीने ठोका. दोन-तीन सेंटिमीटर फट पडली की त्यात सागाच्या पट्ट्या सरकवा.

उचलणं आणि वाहतूक

तीन पायांची घोडी, एक टनाची चेनपुली आणि नायलॉनचे रुंद पट्टे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास हे भाड्याने मिळतं. घोडीचे पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर भार येताच ते फाकतात. साखळी दगडाला थेट लावायची नाही. दोन पट्टे पात्राच्या पोटाखालून अधिकच्या चिन्हासारखे घ्या, ते घसरू नयेत म्हणून भोवताली तिसरा पट्टा आवळा, आणि वर आडवा दांडा लावून पट्टे काठापासून लांब ठेवा. काठावर भार गेला की टवका उडालाच म्हणून समजा. काठाजवळ जुनी सतरंजी घडी करून ठेवली तर चांगलं.

पुली पात्राच्या मध्यावर ओळंब्यात हवी. पहिल्यांदा फक्त दोन बोटं उचला, थांबा, पाच मिनिटं बघा. कुठे काही कुरकुरलं तर खाली. हे काम दिवाळी ते फेब्रुवारी या काळातच करा. पावसाळ्यात चरोतरची, म्हणजे आणंदकडच्या भागाची, भिजलेली माती घोडीचा पाय गिळते.

छोटा हत्ती पुरतो. तळाला वाळूच्या अर्ध्या भरलेल्या पिशव्या, त्यावर जुने टायर. पात्र तोंड वर करूनच ठेवा, पालथं कधीच नाही, कारण काठ हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. ड्रायव्हरला सांगायचं की बंपवर दुधाचे कॅन भरलेत असं समजून चालव. आमचा ड्रायव्हर हसला, पण वासदपर्यंत त्याने तिसरा गिअर टाकला नाही.

विसावा, लोणा आणि रंग

आणल्याबरोबर बसवू नका. सावलीत, लाकडी पट्ट्यांवर, हवा खेळेल असं महिनाभर ठेवा. ओलावा निघू लागला की दगडावर पांढरं मिठासारखं फूल येईल. तो लोणा. कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि कागदात गोळा करून टाकून द्या. धुतलात तर मीठ विरघळून परत आत जाईल.

खोलवरचं मीठ काढायला लगद्याचा लेप लावतात. छापील नसलेला कोरा कागद बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लगदा करा, बोटभर जाड थापा, वाळला की सोलून काढा. किती वेळा करायचं? माझी युक्ती अशी: घरच्या आरओचं पाणी तपासायचं, विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन घ्या. प्रत्येक वेळी सोलून काढलेला ठरावीक लगदा ठरावीक डिस्टिल्ड पाण्यात कालवा आणि आकडा वहीत लिहा. आकडा उतरत उतरत एका जागी थबकला की थांबा. आम्हाला पाच लेप लागले.

रंगाबाबत घाई नको. डिस्टेंपर किंवा चुन्याची सफेदी कोमट पाणी आणि बांबूच्या कामटीने निघते. ऑइलपेंटला रंग काढायची जेल, पण आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहा. तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग, प्रेशर वॉशर, तिन्ही वर्ज्य. शेवाळाचा काळपटपणा थोडा राहिला तर राहू द्या. कुंड नव्यासारखं दिसलं पाहिजे हा हट्ट कमिटीतला एकजण हमखास धरतो. त्याला अक्षरं दाखवा.

डागडुजी

सुटे लहान टवके चिकटवायला पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरा. चुकलं तर ॲसिटोनने पुन्हा सुटतं. ॲराल्डाइट सुटत नाही, म्हणून मी तो टाळतो. जुनी लोखंडी खुंटी काढली असेल तर तिच्या जागी ३१६ ग्रेडची स्टेनलेस स्टीलची. खड्डे भरायला चुना एक भाग आणि त्याच दगडाची चाळलेली पूड अडीच ते तीन भाग. सिमेंट इथे चालत नाही. ते दगडाहून कठीण असतं आणि क्षार सोडतं, मग ओलावा दर्जेतून बाहेर पडायच्या ऐवजी दगडातून पडतो आणि दगडच झिजतो. चुन्याचं काम आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आमच्याकडचे सलाट, म्हणजे गुजरातचे पिढीजात पाथरवट, हे काम बघूनच शिकलेले असतात. त्यांना पद्धत समजावत बसू नका, फक्त सिमेंट नको एवढं सांगा.

नवी जागा

दोन प्रथा आहेत. एक दाराजवळ, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. दुसरी पुढे, वेदीच्या बाजूला, सगळ्यांना दिसावं म्हणून. ते कमिटीने ठरवावं. मी फक्त वजन बघतो. अर्धा टन सत्तर बाय सत्तर सेंटिमीटरच्या चौथऱ्यावर म्हणजे चौरस मीटरला हजार किलोंचा भार. सभागृहाच्या स्लॅबसाठी साधारण चारशे-पाचशे किलोंचा हिशेब धरलेला असतो. म्हणून वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. तळमजल्यावर फरशी काढून, खाली नीट कुटून, पक्का पाया घ्या.

चौथऱ्याखाली ओलावा रोखायला जाड पॉलिथिनचा थर घाला, नाहीतर जमिनीतलं मीठ पुन्हा वर चढेल आणि पाचही लेप वाया जातील. बसवताना दर्ज चुन्याची, लेव्हल काठावर न ठेवता पात्राच्या आतल्या सपाट भागावर, आणि खडूची पूर्वेची खूण जुळवून.

आता ते भोक. शहरातल्या चर्चमध्ये प्लंबर सरळ ड्रेनेजला जोडायला निघाला होता. काकींनी आणताना एकच प्रश्न विचारला होता, "पाणी कुठं जाईल?" मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. भिंतीतून नळी काढून बाहेर, कडुलिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या छोट्या शोषखड्ड्यात सोडली. दीड दिवसाचं काम वाढलं.

वापर

दगड पाणी पितो, म्हणून जुन्या कुंडांना आतून शिशाचं अस्तर असे. तुमच्या कुंडात ते असेल तर काढू नका, पण बाळाचं पाणी त्यात थेट ठेवूही नका. आत बसेल असं तांब्याचं भांडं तांबटाकडून करून घ्या आणि आतून कल्हई लावून घ्या. पाणी उपासनेपुरतंच भरायचं. उपासना झाली की भांडं तळाच्या भोकातून रिकामं करायचं, कुंड सुती फडक्याने पुसायचं आणि झाकण दोन लाकडी गुट्ट्यांवर थोडं उचलून ठेवायचं, आत हवा खेळली पाहिजे. फुलांची सजावट काठावर थेट नको, ओल्या देठांचे डाग पडतात. मेणबत्ती तर नकोच.

जुन्या जागी उघडी राहिलेली नळी चुन्याने बंद करा आणि फरशीत एक साधा दगड बसवून कुंड कुठे गेलं ते त्यावर लिहा. आम्ही गुजरातीत लिहिलं, कारण ते वाचणारी घरं तिथे गुजरातीच आहेत.

पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमाराला, दर्ज आणि खांबाचा माथा विजेरीने पुन्हा तपासा. लोणा परत दिसला तर आणखी एक लेप, चीर वाढलेली दिसली तर आतली खुंटी गंजतेय असं समजा. आमच्या कुंडाला एका कोपऱ्यात थोडं पांढरं फूल आलं होतं. झाडून काढलं. शोषखड्ड्यावर मात्र कुणीतरी दुचाकी लावायला सुरुवात केली आहे, तिथे आता तीन विटा उभ्या रोवायच्या आहेत.